राखणदारच कधी कधी आग लावतात
'प्रतिकारशक्ती दणकट असली की कर्करोगाची गाठ धरतच नाही' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने २०२३ साली उंदरांत उलटंच दाखवलं. हवेतले पीएम २.५ कण, म्हणजे प्रदूषणाचे अतिसूक्ष्म कण, फुप्फुसात गेले की मॅक्रोफेज, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या कचरा गिळणाऱ्या पेशी, इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन सोडतात. ईजीएफआर या पेशींची वाढ ठरवणाऱ्या जनुकात आधीच बिघाड असलेल्या, पण गप्प बसलेल्या पेशी त्या दाहाने जाग्या होतात. (बिघाड धुराचा नाही बरं का, तो वयाबरोबर आपसूक साचतो.) इंटरल्युकिन रोखल्यावर गाठी कमी झाल्या. हेच इंटरल्युकिन रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या २०१७ मधल्या हृदयरोगाच्या चाचणीतही फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला होता; गाठ झाल्यावर दिलं तेव्हा मात्र त्याच औषधाने निराशा केली.