मदत हवी आहे: होमस्कूलिंगसाठी कुठला ख्रिस्ती अभ्यासक्रम घ्यावा?

जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही नगरचे, मुलगी सात वर्षांची, मुलगा पाच, जूनपासून घरीच शिकवायचं ठरलंय पण अभ्यासक्रमावर गाडी अडलीये. अबेका, एसीई नि सोनलाइट हे तीन अमेरिकन अभ्यासक्रम पाहिलेत. अबेकाचं फोनिक्स (अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवणं) छान वाटलं पण वर्कबुकांचा नुसता ढीग आणि इतिहास अमेरिकेचा, मग शिवाजी महाराज मीच शिकवायचे ना! एसीईत मुलं पेसेस (म्हणजे छोट्या वर्कबुक पुस्तिका) स्वतःच सोडवतात म्हणे, एका विषयाचे वर्षाला १२, पण एवढ्या लहान पोरांना जमतं का? सोनलाइटमध्ये गोष्टीची पुस्तकं भरपूर, मला तेच आवडलंय, फक्त कुरिअर नि कस्टम धरून परवडेल का कळेना. दहावी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या बोर्डातून द्यायची, १४ पूर्ण झाल्यावर. सासूबाई फुगून बसल्यात ते वेगळंच. यातलं कोणी वापरलंय का? जुना सेट विकायचा असेल तरी सांगा.