ऑक्सितान लोकगीतं आजच्या लोकांसमोर कशी गावीत? सल्ला हवाय

गारोनकाठी
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजला असतो. आमच्या वस्तीत आठ-नऊ जणांनी मिळून गाण्याचा गट काढलाय. वाद्यं नाहीत, नोटेशन वाचता येणारी एकच बाई. जूनमध्ये गल्लीत टेबलं मांडून सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, तिथे अर्धा तास गायचंय. गटाला ऑक्सितान, म्हणजे इकडच्या जुन्या भाषेतली गाणी हवीत, कारण निम्म्यांच्या आज्या ती भाषा बोलायच्या आणि यांना 'से कान्ता' या इकडे सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्याच्या पलीकडे काही येत नाही. यूट्यूबवर बघावं तर एकीकडे सोप्रानो (उंच पट्टीत गाणाऱ्या बायका) आणि ऑर्केस्ट्रा, दुसरीकडे बॅगपाइप, तिसरीकडे चक्क रेगे! सुरुवात कुठून करू? समोर शाळकरी पोरंही असतील, ती दोन मिनिटांत फोन काढतील.

खडा सूर
नाचाची गाणी घ्या, फार विचार करू नका. तिकडे वाद्यांशिवाय नुसत्या गळ्यावर नाचवायची जुनी रीत आहे, तुम्हाला हवं तेच.

पहिलं ऐका लो कॉर दे ला प्लाना. मार्सेच्या ला प्लेन भागातला पुरुषांचा गट, मानू तेरोनने 2001 साली उभा केला. गळा, टाळ्या, पायांचा ठेका आणि बेंदीर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतला मोठा डफ. बस, एवढंच. 'तांत देमान' हा 2007 चा अल्बम नाचाच्या गाण्यांचा आहे.

मग तुमच्याच गावच्या कोकान्या. या बायका गाताना तंतूंचा ताशा म्हणावा असं एक वाद्य वाजवतात: लांब लाकडी पेटी, त्यावर जाड तारा षड्ज-पंचमात लावलेल्या आणि काठीने बडवायच्या. तंबोरा आणि ठेका एकाच फटक्यात. पिरेनीजच्या पायथ्याशी हे वाद्य जुनं आहे, वादक एका हाताने तीन भोकांची बासरी आणि दुसऱ्याने काठी चालवतो. त्यांचा 'पुपुत' (2020) लावा. काही सजावट नाही आणि तरी पाय थांबत नाहीत.

तिसरा सान साल्वादोर, कोरेझ जिल्ह्यातला. सहा जण, गळे आणि ढोल. 'ला ग्रांद फोली' 2021 चा. पण याची नक्कल करायला जाऊ नका, दमछाक होईल.

मालकंसप्रेमी
सगळे ऑर्केस्ट्रावाल्यांना मोडीत काढणार हे माहीत होतं, म्हणून आधीच लिहितो. संगीतकार जोसेफ कान्तलूबनी मध्य फ्रान्समधल्या ओवेर्न्यची गाणी 1923 ते 1930 च्या दरम्यान ऑर्केस्ट्रासाठी बांधली, पण ती त्यांनी स्वतः फिरून गोळा केली होती. 'बाइलेरो' ऐका. त्यात पाण्याच्या अल्याड-पल्याडचे गुराखी एकमेकांना हाका मारताहेत. ऑर्केस्ट्रा काढून टाका, गटाचे दोन भाग करा आणि गल्लीच्या दोन टोकांना उभे राहा. पोरं फोन खाली ठेवतील, पैज लावतो. फक्त त्यांची बांधणी जशीच्या तशी उचलू नका. ते 1957 साली गेले आणि फ्रान्समध्ये कॉपीराइटचे हक्क मृत्यूनंतर 70 वर्षं चालतात. चाल लोकांची आहे, ती मोकळेपणाने गा.

खडा सूर
दोन टोकांची कल्पना झकास! माझी तक्रार कान्तलूबवर नाही, त्यांच्यानंतरच्या शंभर सोप्रानोंवर आहे.

जुनी_रेकॉर्ड
रेगेवाले दिसले ते मासिलिया साउंड सिस्टम असणार, मार्से, 1984 पासून. त्यांना हसू नका. 70 च्या दशकात कार्कासोनकडचे शिक्षक क्लोद मार्ती गिटार घेऊन गायचे, लार्झाक पठारावर लष्करी तळाविरुद्ध शेतकरी दहा वर्षं लढत होते, तेव्हा ही भाषा पोस्टरवर आली. पुढच्या पिढीने ती नाचात आणली. तुलूजच्या फाब्युलस त्रोबादोर्सनी तर ब्राझीलच्या ईशान्येकडची सवाल-जवाबाची गाणी ऐकून आपली भाषा त्या ठेक्यावर बसवली. आणि गंमत म्हणजे तुम्ही ज्या सामुदायिक जेवणात गाणार, ती प्रथा रुजवण्यात याच गटाच्या क्लोद सिक्रचा हात आहे, आर्नो-बेर्नार वस्तीत. म्हणजे जागा अगदी बरोबर निवडलीत.

आज्यांबद्दल जपून. त्यांच्या पिढीला शाळेत ही भाषा बोललं की शिक्षा व्हायची, 'पात्वा', म्हणजे गावंढळ बोली म्हणून हिणवायचे. काही जणी म्हणतील, 'मला येत नाही' आणि दुसऱ्या कडव्याला बरोबर म्हणू लागतील. रेकॉर्डर लगेच पुढे करू नका.

जात्यावरची
शब्दांकडेही बघा हो. मनाविरुद्ध लग्न लावलेल्या बायकांची गाणी तिकडे ढिगाने आहेत. म्हातारा नवरा, मारकुटा नवरा, आणि चाल मात्र उड्या मारणारी. आपल्या सासुरवासाच्या ओव्यांइतकीच धारदार. त्या ओव्या जमवणाऱ्या हेमा राईरकरांबरोबर गी प्वातव्हाँ हे फ्रेंच गृहस्थ होते, ते आठवलं. कडवी गाळून गोड गोड करू नका, अर्थ आधी दोन वाक्यांत फ्रेंचमध्ये सांगा. रोझिना दे पेइरा आणि त्यांची मुलगी मार्तिना यांची जुनी रेकॉर्डिंग मिळाली तर त्यातला स्वच्छ, उघडा आवाज ऐका. लाडिक काहीच नाही त्यात.

गारोनकाठी
अफाट! एक अडचण. गटातला एक शेजारच्या गास्कोनी भागातला, बाकीचे इकडचे. मुलगी म्हणायला एक जण 'फिल्या' म्हणतो तर तो 'हिल्या'. वाद पेटलाय. सगळं एकसारखं करू का?

खडा सूर
मुळीच नको. गारोन नदीच्या डाव्या काठाला गास्कोन बोली, उजव्या काठाला लांगदोकची बोली, तुमचं शहर दोन्हीवर वसलेलं. गाणं ज्या काठाचं त्या काठाचा उच्चार. गास्कोन गाण्यात तो गास्कोनीवाला पुढे, बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. एरवी त्याने गप्प बसायचं. शब्द आणि चाली पडताळायला बेझिए शहरातल्या सिर्दोक या संस्थेचं 'ऑक्सितानिका' हे डिजिटल ग्रंथालय आहे, घरबसल्या दिसतं. आणि तुमच्या गावात ओस्ताल दॉक्सितानिया हे ऑक्सितान संस्कृतीचं केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा.

मालकंसप्रेमी
चार गाणी पुरे. दोन नाचाची, एक 'बाइलेरो', शेवटी 'से कान्ता', म्हणजे सगळे सामील होतील. तेच 2006 च्या तोरिनो ऑलिंपिकच्या उद्घाटनात गायलं होतं, पोरांना सांगा, भाव वाढेल.

जुनी_रेकॉर्ड
आणि प्लायवूडचा एक जाड तुकडा न्या हो बरोबर. डांबरी रस्त्यावर कितीही पाय आपटा, आवाज येत नाही.