मदत हवी आहे: चिआंग माईची देवळं आईसोबत पायी बघायची आहेत

मंडळी, नोव्हेंबरात आईला घेऊन थायलंडमधल्या चिआंग माईला जातेय. १२९६ मध्ये राजा मंगराईने वसवलेलं, खंदकाने वेढलेलं जुनं शहर पायीच बघायचंय. सगळ्यात ओढ आहे ती वाट फ्रा सिंगमधल्या (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) भित्तिचित्रांची. बायकांची आडव्या पट्ट्यांची वस्त्रं, पुरुषांच्या मांड्यांवरचं गोंदण, किती बारकाईने रंगवलंय! तिथे तासभर तरी बसणार. उजेड सकाळी चांगला असतो की दुपारनंतर?

पुढे १५४५ च्या भूकंपात माथा ढासळलेला चेदी लुआंग हा स्तूप. आईचे गुडघे दुखतात, वाटेत सावलीत टेकायला कुठे जागा आहे?

वाट श्री सुफानच्या चांदीच्या मंदिरात बायकांना आत सोडत नाहीत. मग बाहेरूनच ठोकीव काम बघायला तिथवर चालत जावं का? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.