घंटा मागितली, आली पुस्तकं

अमोल: 📷 फोटो. आमच्या नव्या गावातली लायब्ररी, फ्रँकलिन, मॅसॅच्युसेट्स. तपकिरी चामडी बांधणीची पुस्तकं दिसतायत ना, ती बेंजामिन फ्रँकलिननं पाठवलेली.

माईआत्या: म्हणजे तो पतंग उडवून वीज पकडणारा?

अमोल: तोच. 1778 मध्ये गाव स्वतंत्र झालं, त्याचं नाव दिलं. तो तेव्हा पॅरिसला, अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून. पुढे गावानं त्यालाच गळ घातली, चर्चसाठी एक घंटा द्या.

सुभाषकाका: वा! नाव ठेवलं गावानं आणि आहेरही गावालाच 😄

अमोल: घंटा नाहीच दिली. आवाजापेक्षा शहाणपण बरं म्हणाला आणि लंडनचे मित्र रिचर्ड प्राइस यांना पुस्तकं निवडायला सांगितली. 116 आली, बरीचशी धर्म नि राज्यकारभारावरची. मग ती कोणाला द्यायची यावर घोळ. 1790 च्या गावसभेत ठरलं, सगळ्या रहिवाशांना, तेही फुकट.

नेहा: आमच्या सोसायटीत कॅरम बोर्डाचा ठराव अजून लटकलाय.

नेहा: त्याच्या नावाचं एक अख्खं राज्यही होतं की. आजच्या टेनेसीच्या पूर्व भागात, 1784 पासून. त्यांनीही त्याला पत्र लिहून पाठिंबा मागितला. त्यानं गोड बोलून अंग काढून घेतलं. चार-पाच वर्षांत राज्य गुंडाळलं.

सुभाषकाका: हुशार माणूस. मी नेताजींच्या नावाचा, पण मला कोणी घंटा मागितली नाही.

अमोल: काका, कवी वॉल्ट व्हिटमनच्या घरी बघा. तीन धाकटे भाऊ: अँड्र्यू जॅक्सन, जॉर्ज वॉशिंग्टन, थॉमस जेफरसन. आडनाव व्हिटमन! अँड्र्यूचा जन्म 1827 चा, खरा जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाला 1829 ला. वडिलांनी आधीच पैज लावलेली.

माईआत्या: अगं बाई! जेवायला बोलावताना आईचा जीव जात असेल.

अमोल: थॉमस जेफरसनला घरी नुसतं जेफ म्हणायचे.

नेहा: आणि यादवी युद्धातला तो जनरल, बेंजामिन फ्रँकलिन बटलर. फ्रँकलिन गेल्यावर 28 वर्षांनी जन्मला, तरी नाव चालूच.

माईआत्या: बरं अमोल, फराळाचं पार्सल करतेय. पत्ता नीट पाठव.

अमोल: आत्या, राज्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा हं. टेनेसीतही फ्रँकलिन आहे.

सुभाषकाका: चकल्या तिकडे गेल्या तर त्यांनाही लायब्ररी काढायला सांग.