पोलिसाचं भ्यावच राह्यलं नाही, पटतं का?

जमादाराचा_पोरगा (बीड जिल्हा)
यंदाच्या विसर्जनाला आमच्या तालुक्याच्या गावात डोळ्यानं बघितलेलं सांगतो. रात्रीचे बारा वाजून गेलेले, डीजे चालूच, आणि एक जमादार, पन्नाशीचा माणूस, सकाळपासून उभा असेल बिचारा, डीजेवाल्याला हातानं बंद कर बंद कर करायलाय, तर वीस-बावीसचं एक पोरगं मोबाईल धरून त्याच्यासमोर उभं. "बोला साहेब, लाईव्ह आहे. आडनाव सांगा." आणि मग बोटानं त्याच्या छातीवरची पट्टी टकटक वाजवली. जमादार मान खाली घालून बाजूला झाला, डीजे अजून तासभर वाजला.

आडनाव कशाला पाहिजे होतं ते सगळ्यांना कळतं. आमच्याकडं जातीवरून एवढं पेटलं की २०२५ ला एसपींनी पोलिसांच्या नावाच्या पाटीवरून आडनावच काढायला लावलं, नुसतं नाव लिहा म्हणले.

माझे वडील जमादार होते. सायकल आणि एक काठी, बीटमध्ये बारा गावं. ते वेशीत आले की ओट्यावरचे लोक उठून उभे राहायचे, भांडणं तिथंच मिटायची. आता दोन ठेवून दिल्या की व्हिडिओ, व्हिडिओ आला की सस्पेंड. बिल्ल्यावर सद्रक्षणाय खलनिग्रहणाय लिहायचं आणि निग्रह करायला गेलं की चौकशी लावायची, कसं जमायचं हे? माझं मत सरळ आहे, काठीचं भ्याव पाहिजे. पटत नसेल तर सांगा.

तुरीचं_रान
दादा, सायकलवाल्या जमादारांबद्दल वाईट बोलायचं नाही, पण तुम्ही ते वाड्याच्या ओट्यावरून बघितलं आणि आम्ही पालावरून. मी पारधी समाजातला. चोरी कुठं पण होऊ द्या, कोणाची मोटार जाऊ द्या नाहीतर शेळी, जीप आधी आमच्याकडं. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ ला रद्द झाला म्हणतात, ठाण्यात कोणी कळवलेलं दिसत नाही. माझी आजी जीपचा आवाज लांबून ओळखायची. वळणावर गिअर बदलला की आम्हा पोरांना म्हणायची, पळा रे तुरीत. मी सहा वर्षांचा असताना चुलत्याला नेलं, तळपायावर पट्ट्यानं मारलं, परत आल्यावर आठ दिवस तो गुडघ्यावर रांगत परसाकडं जायचा. मोटार नंतर मालकाच्या मेव्हण्याच्या विहिरीवर निघाली. चुलत्याला कोणी येऊन चुकलं म्हणलं नाही.

लोक उठायचे म्हणता ना, खरंय. आम्ही पण उठायचो. पळायला.

जमादाराचा_पोरगा
@तुरीचं_रान, तुमच्या चुलत्याचं वाईट झालं, मान्य. पण ते चुकीच्या माणसाला मारणं झालं. मी बरोबर माणसाबद्दल बोलतोय.

काळा_कोट_लातूर
भाऊ, बरोबर माणूस कोण हे रात्री बारा वाजता रस्त्यावर कोण ठरवणार? कोर्टात वीस वर्षं काढली, आम्हाला पण पटकन कळत नाही.

थोडं कायद्याचं सांगते, कारण दोन्ही बाजू हवेत गोळ्या मारायल्यात. पोलिसांना बळ वापरायचा अधिकार आहेच. जमाव पांगवायचा असेल तर नागरी सुरक्षा संहितेचं कलम १४८ (जुन्या सीआरपीसीचं १२९). आधी पांगा म्हणून आदेश द्यायचा, तो कार्यकारी दंडाधिकाऱ्यानं किंवा ठाण्याच्या प्रभारीनं, तो नसेल तर फौजदारानं, नाही ऐकलं तर बळ. अटकेला झटापट केली तर आवरायला लागेल तेवढं. पण शिक्षा म्हणून मारा असं एक कलम दाखवा. नाही. कबुलीसाठी मारलं तर उलट पोलिसालाच सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, न्याय संहिता कलम १२०.

आणि त्या पोरासाठी कायदा नव्हता का? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, डीजेचा मिक्सर जप्त करायचा. धक्काबुक्की केली असती तर कलम १३२, दोन वर्षांपर्यंत. काठी न उचलता पोरगं सरळ झालं असतं. जमादार बाजूला का झाला हे विचारा ना, काठी नव्हती म्हणून झाला का?

पोलिसाची_घरवाली_जालना
ताई, ठाण्यात चार माणसं, बाकीची बंदोबस्ताला. मिक्सर जप्त करायला ट्रॅक्टर कोण देणार, पंच कोण होणार, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत मिक्सर उचलला की पाच मिनिटात दंगल होईल ती कोणाच्या अंगावर? कलमं आम्हाला पण माहिती आहेत.

आमचे हे १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीला नव्हते, नशीब. त्यांच्या बॅचचे होते. उपोषणाला बसलेल्या जरांगेंना दवाखान्यात हलवायला गेले आणि मग जे झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. आधी दगड का आधी काठी, अजून भांडण चालू आहे. दोन्हीकडची माणसं फुटली. मग गृहमंत्र्यांनी माफी मागितली, एसपी सक्तीच्या रजेवर. बरं केलं, बायकांना म्हाताऱ्यांना मारलं ते चूकच. पण ज्याच्या डोक्यात दगड बसला त्या शिपायाला त्या आठवड्यात कोणी विचारलं? माझ्या घरात हेल्मेट आणि ढाल दारामागं ठेवलेली असते, पोरगं त्याच्याशी खेळतं. बंदोबस्त लागला की हा माणूस दोन दोन दिवस घरी येत नाही, जेवण म्हणजे कागदात बांधलेली थंड पुरी भाजी, झोप म्हणजे गाडीच्या टपाखाली. तिसऱ्या दिवशी माणसाच्या हातात काठी दिल्यावर ती कंबरेखालीच पडेल याची गॅरंटी मी बायको असून देत नाही.

परभणीचा_पोट्टा
वहिनी तुमचं मनापासून पटलं, पण थकल्यामुळं झालं हे सगळीकडं चालत नाही. आमच्याकडं डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्याला हिंसक वळण लागलं, दुकानं फुटली, तो भाग मी झाकत नाही. पण नंतर वस्त्यांमध्ये शिरून घराघरातून पोरं काढली, त्याचे व्हिडिओ आहेत. त्यातलाच एक कायदा शिकणारा पोरगा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. विधानसभेत सांगितलं मारहाण झाली नाही. शवविच्छेदनात अंगावर जखमाच जखमा. एफआयआर होण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं, २०२५ च्या जुलैत आदेश झाला, आणि सरकार त्याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं पण ऐकलं नाही त्यांचं.

थकलेला शिपाई सुप्रीम कोर्टात जात नसतो वहिनी.

काळा_कोट_लातूर
आणि २०२० पासून सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रत्येक ठाण्यात कॅमेरे, लॉकअपमध्ये पण, फुटेज शक्यतो अठरा महिने ठेवायचं. मी अर्ज केला की उत्तर ठरलेलं: त्या दिवशी बंद होता. कॅमेऱ्याला पण आठवडी सुट्टी असते बहुतेक.

जमादाराचा_पोरगा
मग लोकांनाच विचारा ना. हैदराबादला डिसेंबर २०१९ ला बलात्कार-खुनाच्या केसमधले चार आरोपी पोलिसांनी चकमकीत मारले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या आरोपीला मारलं तेव्हा पेढे वाटले. वकिलांच्या कलमावर कोणी पेढे वाटत नाही. लोकांना पटापट पाहिजे.

सेवानिवृत्त_गुरुजी_नांदेड
फुलं उधळली ते मीही पाहिले. पुढे सुप्रीम कोर्टाने न्या. सिरपूरकरांचा आयोग नेमला, आणि २०२२ ला अहवाल आला की चकमकीची गोष्ट रचलेली होती, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. फुलं तोवर वाळली होती, अहवाल किती जणांनी वाचला असेल सांगा.

आपल्या मराठवाड्यात तर "पोलीस अॅक्शन" हा शब्द फार जुना आहे. आमची आई कुणाचं वय सांगायचं तर अॅक्शनच्या आधीचा, अॅक्शनच्या नंतरचा असं सांगे. सप्टेंबर १९४८, भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं ते. नाव पोलिसाचं, काम फौजेचं, आणि रझाकारांच्या जाचातून सुटका झाली म्हणून आजही १७ सप्टेंबरला आम्ही झेंडा लावतो, लावलाच पाहिजे. पण त्या अॅक्शननंतर काय झालं ते पण विचारावं. नेहरूंनी सुंदरलाल समिती पाठवली होती, तिने सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, बहुतेक साधे मुसलमान. सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि आमचं नांदेड. अहवाल कित्येक वर्षं बाहेर येऊ दिला नाही. आमच्या गल्लीतला एक शिंपी अॅक्शनचं नाव निघालं की मशीन थांबवायचा, काही बोलायचा नाही, परत चालू करायचा. लहानपणी वाटायचं दोरा तुटला असेल.

तुरीचं_रान
गुरुजी 🙏

उदगीरचा_व्यापारी
सगळे पुस्तकी बोलायलेत. माझ्या दुकानाचं शटर दोनदा उचकटलं. दोन्ही वेळेस साधी एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली, तिसऱ्या वेळेस आमदाराच्या पीएचा फोन लावला तर साहेब स्वतः आले, चहा घेतला. मला ना भ्याव पाहिजे ना मान, तक्रार लिहून घ्या फक्त.

पोलिसाची_घरवाली_जालना
हा फोनच आहे सगळ्याचं मूळ. फोन लावणारे तुम्ही, आणि आम्हालाच म्हणता वजन राह्यलं नाही.

जमादाराचा_पोरगा
काल वडिलांना हा धागा वाचून दाखवला, चौऱ्याऐंशी वय आहे, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्यानं वाचावं लागतं. पालाचं आलं तिथं थांब म्हणले. परत वाच म्हणले. मग बराच वेळ कडेला बघत बसले आणि एवढंच म्हणले की पालावर जायला वरचा हुकूम लागायचा नाही, बाकी प्रत्येक घरी लागायचा.

माझं मत फार बदललं असं नाही. त्या पोरानं पट्टी वाजवली ती मला अजून टोचते.

काळा_कोट_लातूर
टोचलीच पाहिजे. त्या पोरावर पुढे काही केलं का ठाण्यानं?

जमादाराचा_पोरगा
दुसऱ्या दिवशी बोलवलं होतं ना. अर्धा तास बसवून ठेवलं, मग फोन आला.