कराटेच्या परीक्षेसाठी मुठीवरचे पुश-अप : पंधराच्या पुढे आकडा का सरकत नाही?

प्रश्न : संथचाल

नमस्कार. मी काही वर्षांपासून शोतोकान शैलीचे कराटे शिकत आहे आणि पुढची परीक्षा ब्राऊन बेल्टची आहे. आमच्या वर्गात काता (ठरावीक हालचालींची मालिका) आणि कुमिते (जोडीदाराशी लढत) झाल्यावर, म्हणजे अंगात फारसे त्राण उरलेले नसताना, सेन्सेई, म्हणजे आमचे शिक्षक, ‘इची, नी, सान’ (एक, दोन, तीन) अशा जपानी मोजणीच्या तालावर मुठीवरचे पुश-अप काढायला लावतात. परीक्षेत असे चाळीस सलग काढणे अपेक्षित आहे.

माझे वय चाळिशीकडे झुकलेले असून वजन 72 किलो आहे. घरी ताज्या अंगाने पंधरा-सोळा निघतात, पण वर्गाच्या शेवटी दहाव्यालाच कंबर खाली पडते. म्हणून रोज सकाळी हात थरथरून छाती जमिनीला टेकेपर्यंत पुश-अप काढण्याचा नेम ठेवला आहे, तरी आकडा जागचा हलत नाही. उलट तळहातावर काढताना डाव्या मनगटात कळ येऊ लागली आहे. वर्गात शहाबादी फरशी असल्यामुळे मुठींची सालटी निघतात, ते वेगळेच. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की हे सगळे सोडून तालमीतले जोर मार. परीक्षेला साधारण तीन महिने आहेत. सराव नेमका कसा आखावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना_पट्टा

तुमच्या सरावाचा दोष कष्ट कमी पडण्यात नाही, रोज हात निकामी होईपर्यंत काढण्यात आहे. स्नायू व्यायामाच्या वेळी नव्हे, तर त्यानंतरच्या विश्रांतीत बळकट होतो. त्याला ती मिळण्याआधीच दुसऱ्या दिवशी पुन्हा पिळून काढले, तर तुम्ही रोज कालच्याच थकव्याची परीक्षा घेत राहता.

दुसरी गोष्ट अशी की ताकद आणि दम यांची गल्लत करू नये. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे 65 टक्के भार हातांवर येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत जवळपास 47 किलो. तुमची छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) एका वेळी जेमतेम 65-70 किलो ढकलू शकत असतील, तर प्रत्येक पुश-अप हा कमाल ताकदीच्या दोन-तृतीयांशाहून मोठा वाटा खातो. इतक्या जोराने आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो आणि लवकर भरून येतो. कमाल ताकद वाढली की तेच 47 किलो हलके वाटू लागतात आणि दम बराचसा आपोआप वाढतो. म्हणून तीन महिन्यांतला पहिला अर्धा काळ ताकदीला द्यावा आणि उरलेला दमाला.

पहिल्या टप्प्यात आठवड्यातून तीनच दिवस सराव करावा आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडावा. पाय दोन फूट उंचीच्या स्टुलावर किंवा पलंगाच्या कडेवर ठेवल्यास भार सुमारे 75 टक्क्यांवर जातो. अशा स्थितीत पाच ते आठ पुश-अपचे चार-पाच सेट काढावेत, दोन सेटमध्ये पूर्ण दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि खाली जाताना मनात तीन मोजून, तळाशी क्षणभर थांबून मगच वर यावे. आणखी दोन निघाले असते असे वाटत असतानाच सेट थांबवावा. हे पाळणे बहुतेकांना सर्वांत जड जाते, कारण आपल्याकडे घाम आणि थरथर यांनाच व्यायामाची पावती समजतात.

दुसऱ्या टप्प्यात घड्याळ समोर ठेवावे. दर मिनिटाच्या सुरुवातीला सहा साधे पुश-अप काढावेत, उरलेल्या वेळात श्वास सावरावा आणि असे दहा मिनिटे चालवावे. एकही हात न थरथरता साठ पुश-अप होतात. ते सहज जमू लागले की दर मिनिटाला एक वाढवावा. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत यातला एक दिवस मुद्दाम दोन-तीन काता जोरात करून झाल्यावर घ्यावा, कारण परीक्षा थकलेल्या अंगाचीच होणार आहे.

कंबर पडण्याचे कारण हातांत शोधू नये. तिथे पोट आणि नितंब सैल सुटलेले असतात. वर असताना नितंब आवळून, बेंबी किंचित आत ओढून, टाचा मागे ढकलाव्यात आणि जिथे कंबर पहिल्यांदा हलते तिथे मोजणी संपली असे धरावे. कंबर टाकून काढलेला विसावा पुश-अप परीक्षक धरत नाहीत, मग आपण तरी का धरावा?

उत्तर : रोजचे_शंभर

एवढा हिशेब कशाला? दिवसभरात जमेल तसे शंभर काढत राहावेत. आमच्या ओळखीतली सगळी मुले अशीच तयार झाली.

उत्तर : जुना_पट्टा

दिवसभरात सात-आठचे सुटे सेट काढले, तर ही पद्धत वाईट नाही, कारण त्यात स्नायू पूर्ण थकत नाही. मात्र शंभरचा आकडा गाठण्याच्या ईर्षेने संध्याकाळी उरलेले साठ एकदम उरकले, तर प्रश्नकर्ता आज जिथे अडकला आहे तिथेच पुन्हा येईल. शिवाय विशीतल्या मुलांची झीज ज्या वेगाने भरून निघते, तो वेग चाळिशीत गृहीत धरू नये.

उत्तर : तांबडी_माती

जोरांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. माझी कोल्हापूरच्या तालमीत ऊठबस होती आणि जोर-बैठकांवर माझी श्रद्धा आहे, तरीही तुमच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मी अर्धाच मान्य करीन.

जोर मारताना कंबर वर, डोके दोन्ही हातांच्या मध्ये, अशा स्थितीतून सुरुवात होते. मग छाती जमिनीला घासेल इतकी खालून पुढे नेत मान आणि छाती वर काढायची आणि पुन्हा मागे यायचे. भार हातांवरून पुढे सरकत जातो, खांदा जवळपास पूर्ण फिरतो, पाठीचा कणा वाकतो आणि ताणला जातो. पैलवानाला अंगाला अंग भिडवून, वेड्यावाकड्या कोनांतून रेटायचे असते, त्यासाठी हा व्यायाम अजोड आहे. कराटेच्या परीक्षेत मात्र अंग फळीसारखे ताठ ठेवूनच खालीवर व्हायचे आहे, आणि जोरात नेमके ते ताठपण नसते. त्यामुळे कितीही जोर मारले तरी पुश-अपचा सराव चुकत नाही.

सरावापूर्वी दहा-पंधरा संथ जोर मारले, तर खांदे मोकळे होतात आणि ठोसा मारताना त्याचा उपयोग जाणवतो. श्वास कोंडून धरू नये. कंबरेचे जुने दुखणे असेल तर छाती वर काढताना पाठ फार मागे वाकवू नये. वस्ताद पूर्वी नव्या पोरांना थोडेच पण सावकाश जोर मारायला लावत आणि घाई करणाऱ्याला हौद्याबाहेर बसवत. वरच्या उत्तरातली शिस्त त्याहून फार वेगळी नाही.

उत्तर : मनगट_सांभाळा

मी फिजिओथेरपिस्ट असल्याने फक्त हातांपुरते लिहितो. तळहात टेकवला की मनगट मागे जवळजवळ काटकोनात दुमडते आणि त्याच कोनात भार पडतो. मूठ टेकवल्यावर ते सरळ राहते. तुमची कळ केवळ तळहातावरच येत असेल, तर मुठीवर काढणे तुलनेने सोयीचे पडावे. घरी तळहात टेकवायचाच असेल, तर जोरासाठीचे लाकडी हत्ते वापरावेत.

मुठीवर भार तर्जनी आणि मधले बोट यांच्याच गाठींवर यायला हवा. या दोन बोटांमागची तळहातातील हाडे मनगटाशी घट्ट बसलेली असतात, तर अनामिका आणि करंगळीमागची हाडे हलती असतात आणि चुकीच्या ठोशात बहुधा करंगळीमागचेच हाड मोडते. सुरुवात दुमडलेल्या सतरंजीवर करावी, नंतर पातळ चटईवर यावे आणि फरशी शेवटी ठेवावी. कातडी जाड होणे ठीक आहे, पण गाठीचा सांधा सुजला किंवा बोट सकाळी आखडलेले राहिले, तर मुठीवरचा सराव थांबवावा. लहान मुलांकडून कठीण फरशीवर मुठीचे पुश-अप करवून घेणे मला अजिबात मान्य नाही, कारण त्यांच्या हाडांची वाढ व्हायची असते.

कोपरे अंगापासून काटकोनात बाहेर फेकू नयेत. बरगड्यांशी साधारण 45 अंशांचा कोन खांद्याला सोसतो. पुश-अपइतकेच ओढण्याचे व्यायामही करावेत, मग बारला लटकून असो वा रबरी पट्टा ओढून. कराटेत ठोशाइतकेच हात मागे खेचण्याला महत्त्व आहेच. कळ दोन आठवड्यांत कमी झाली नाही किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर प्रत्यक्ष तपासून घ्यावे.

संथचाल

सर्वांचे मनापासून आभार. रोजचा सकाळचा नेम आजपासून बंद करतो. एक शंका आहे : वर्ग मंगळवार आणि शनिवारी असतो आणि त्यात पुश-अप चुकत नाहीत, मग घरचे तीन दिवस कसे बसवावेत?

उत्तर : जुना_पट्टा

वर्गाचे दोन्ही दिवस सरावातच धरावेत आणि घरी फक्त गुरुवारी पाय उंच ठेवून ताकदीचे सेट काढावेत. दुसऱ्या टप्प्यातला मिनिटांचा सरावही गुरुवारीच घ्यावा, आणि कातानंतरचा सराव शनिवारच्या वर्गात आपोआप होईल. वर्गात दहाव्याला कंबर पडू लागली की सरळ गुडघे टेकवून उरलेले पूर्ण करावेत. त्यात भार जवळपास 50 टक्क्यांवर येतो आणि ताल सुटत नाही. सेन्सेईंना याची कल्पना आधीच देऊन ठेवावी, म्हणजे मध्येच गुडघे टेकलेले पाहून ते कंटाळा समजणार नाहीत. परीक्षेआधीचे चार दिवस पुश-अप पूर्ण बंद ठेवावेत.