मदत हवी आहे: मुलगी जाड, मुलगा काडीपैलवान, आणि कोलेस्टेरॉल मुलाचं जास्त! (नागपूर)

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरला, प्रतापनगर भागात राहतो. मुलगी १३ वर्षांची, मुलगा १०. शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलीचं वजन ६१ किलो आणि उंची १५२ सेंमी भरली, आणि ती डायरीत 'ओव्हरवेट, डॉक्टरांना दाखवावे' असा शेरा घेऊन घरी आली. डॉक्टरांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायला सांगितलं. रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी आला तेव्हा ह्यांनी सहज म्हटलं, आलाच आहेस तर धाकट्याचंही घेऊन टाक. धाकट्याचं वजन २६ किलो, बरगड्या मोजून घ्या.

रिपोर्ट असे (दोघांचेही उपाशीपोटी):

मुलगी: एकूण कोलेस्टेरॉल १८२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११७, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३७, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) १४२
मुलगा: एकूण २४८, एलडीएल १८०, एचडीएल ५२, ट्रायग्लिसराइड्स ८०

आम्हाला वाटलं नळ्या बदलल्या. लॅबला फोन केला, त्यांनी बारकोड तपासून सांगितलं की बरोबर आहे. डॉक्टर म्हणाले, "अहो, एवढासा तर पोरगा, मोठा झाला की जाईल. मुलीचं वजन बघा." मुलीच्या रिपोर्टवर मात्र एचडीएल सोडून एकही आकडा ठळक छापलेला नाही.

आता घरातली गंमत ऐका. सासूबाई मुलाच्या अंगाला काही लागत नाही म्हणून त्याच्या वरणभातावर दोन-दोन चमचे साजूक तूप घालतात, रात्री दुधावरची साय साखर घालून देतात. पोरीच्या ताटातलं तूप मात्र तिसरीत असतानाच बंद झालंय. रिपोर्ट आल्यापासून ती भावाला "बघ, मी नाही, तूच!" म्हणून चिडवते आणि तो रडतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या मोठ्या दिरांना ४१ व्या वर्षी अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी झाली. ते खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खायचे, म्हणून तेव्हा सगळ्यांनी खर्ऱ्यावर ढकललं.

तर, बारीक मुलाला कोलेस्टेरॉल होतं का? नागपुरात कोणाला दाखवू? आणि तोवर दोघांना खायला काय देऊ? प्लीज घाबरवू नका.

प्रतिसाद: सीताबर्डीकर

ताई, टेन्शन नका घेऊ जी. रविवारचं सावजी बंद करा, तर्री-पोह्यातली तर्री बंद करा, आणि सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या. माझं २३० होतं, उतरलं ना बाप्पा. आजकालच्या पोरांना मैदानच माहीत नाही.

प्रतिसाद: धागाकर्ती

दादा, धाकट्याला तिखट चालतच नाही, सावजीच्या वासानेच तो दुसऱ्या खोलीत जातो. आणि दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळतो. म्हणूनच तर कोडं पडलंय.

प्रतिसाद: डॉक्टरीण (बालरोग)

ताई, इथे निदान होत नाही, पण तुमचे आकडे वाचून गप्प बसवत नाही.

आधी लॅबच्या कागदाबद्दल. त्यावर छापलेल्या मर्यादा बहुतेक मोठ्यांच्या असतात. मुलांसाठी एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या खाली असावं, २०० पासून जास्त धरतात. एलडीएल ११० च्या खाली ठीक, १३० पासून जास्त. एचडीएल ४५ च्या वर हवं, ४० च्या खाली कमी. ट्रायग्लिसराइड्स १० ते १९ वयात ९० च्या खाली, १३० पासून जास्त. या पट्टीने मुलीचे १४२ 'नॉर्मल' नाहीत, जरी कागदावर १५० पर्यंत चालतं असं असलं तरी.

आता मुख्य मुद्दा. वजन आणि कोलेस्टेरॉल ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो, तिथे गाडी चुकते. वजन वाढलं की बहुतेक ट्रायग्लिसराइड्स वर जातात आणि एचडीएल खाली येतं. तुमच्या मुलीचं अगदी तेच चित्र आहे: जास्तीची साखर, मैदा, बसून राहणं, आणि यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडतं. एलडीएलचा वजनाशी संबंध त्यामानाने कच्चा. १८० एलडीएल, ट्रायग्लिसराइड्स नीट, मूल बारीक आणि काकाला ४१ व्या वर्षी अटॅक, हे सगळं एकत्र आलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचं. हा जन्मजात दोष आहे. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायची यकृताची सोयच कमी असते, त्यामुळे पोरगा कितीही पळाला तरी आकडा वरच राहतो. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा असतो आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. पुरुषांत ५५ च्या आत आणि बायकांत ६५ च्या आत हृदयविकार झालेलं जवळचं नातेवाईक ही महत्त्वाची खूण. काका त्यात मोजला जातो, खर्रा खात असला तरी.

"मोठा झाला की जाईल" यात खरं एवढंच की वयात येताना कोलेस्टेरॉल १०-२० टक्के उतरतं. पण ते नंतर परत चढतं. त्या भरवशावर बसू नका.

करायचं काय? मुलाची तपासणी दोन आठवड्यांनी ते तीन महिन्यांच्या आत परत करा आणि दोन्हींची सरासरी बघा. सोबत थायरॉइड, साखर आणि लघवीची तपासणी, कारण थायरॉइड मंद असलं किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं जात असली तरी एलडीएल वाढतं. आणि सगळ्यात आधी तुम्हा दोघा नवरा-बायकोचं लिपिड प्रोफाइल. हा दोष आई किंवा वडलांकडून येतो, म्हणजे मिस्टरांचा रिपोर्ट मुलाच्या रिपोर्टइतकाच बोलका ठरेल. त्यांच्या टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी) बोटांत धरून बघा, गाठाळ लागते का; या दोषात तिथे कोलेस्टेरॉल साठतं.

औषधाची घाई नसते. आधी सहा महिने आहार, मग एलडीएल १६० च्या वर राहिलं आणि घरात लवकरचा हृदयविकार असेल, तर साधारण १० व्या वर्षापासून स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) विचार करतात. तो निर्णय समोर बसलेल्या डॉक्टरांचा.

लसूण फोडणीत घाला, उपचार म्हणून नको.

प्रतिसाद: मनीषनगरची आई

आमच्या मुलीला हाच दोष आहे, तीही बारीकच. आम्ही मिहानला एम्सच्या बालरोग ओपीडीत दाखवतो. सकाळी लवकर निघा आणि सगळे जुने रिपोर्ट, दिरांच्या अँजिओप्लास्टीचे कागदसुद्धा, एका फाइलमध्ये लावून न्या. पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि आपण आठवत बसतो.

खाण्याबद्दल: दोघांसाठी एकच ताट ठेवा, नाहीतर "तुला नाही, त्याला आहे" हे सुरूच राहील. तुपात साठ टक्क्यांच्या आसपास संतृप्त मेद असतो आणि तोच एलडीएल वाढवतो, म्हणून मुलाचं तूप आणि साय आधी थांबवा. वजनासाठी दाणे, वरण, उसळ, केळी द्या. बेकरीतली खारी, क्रीमची बिस्किटं, चिप्स दोघांनाही नकोत. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी आपल्याकडे आहेच, मुलं खातातही.

मुलीला उपाशी ठेवू नका, ताई. वाढतं वय आहे. उंची थोडी वाढली आणि वजन तिथल्या तिथे राहिलं तरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) खाली येतो. तिचा बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यावर बघू नका, इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा २०१५ चा तक्ता ५ ते १८ वर्षांसाठी आहे, डॉक्टर त्यावर ठिपका मांडून देतात. पहिल्यांदा कोल्ड्रिंक कमी करा, ३०० मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर जाते. सीबीएसई शाळा असेल तर २०२५ पासून शुगर बोर्ड (कशात किती साखर ते सांगणारा फलक) लावायला सांगितलंय, त्यावरचे आकडे तिलाच वाचू द्या. आपण सांगितलं की ती लेक्चर म्हणते.

अवांतर: रोज तासभर हालचाल हवी हे सगळे सांगतात, पण नागपूरच्या मे महिन्यात ती कुठे करायची हे कोणी सांगत नाही. आम्ही पहाटे अंबाझरीला जातो. संध्याकाळी सहाच्या आत बाहेर पाय ठेववत नाही.

प्रतिसाद: सीताबर्डीकर

अरे बाप्पा, मला हे माहीतच नव्हतं. माझ्या पोरांचंही करून घेतो.

प्रतिसाद: धागाकर्ती (अपडेट)

सगळ्यांचे आभार. ह्यांनी बराच वेळ "मला काय झालंय" केलं, मग दिले एकदाचे रक्त. एलडीएल २१२. वय ४४, पोट नाही, सिगारेट नाही, खर्रा नाही. माझं १०४. मुलाचं दुसऱ्यांदा १७४ आलं, थायरॉइड आणि लघवी नीट. ह्यांच्या टाचेमागची शीर मी धरून बघितली, एका बाजूला खरंच जाड लागते. ते म्हणतात लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे.

ह्यांना हृदयरोगतज्ज्ञांनी लगेच गोळी सुरू केली. मुलाला सहा महिने आहार, मग परत तपासणी. दिरांच्या दोन्ही मुलांनाही तपासायला सांगितलंय. जाऊबाई आधी रागावल्या, पण मोठ्याचं नाव नोंदवलंय.

सासूबाईंना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. शेवटी ह्यांचाच रिपोर्ट दाखवला. तुपाची बरणी आता वरच्या फळीवर आहे, आणि वरणावर दोघांनाही लिंबू. मुलीला डॉक्टरांनी वजनाचा आकडा न सांगता फक्त पोहायला जा म्हटलं, ते तिला आवडलं. तिची तपासणीही सहा महिन्यांनीच.

डॉक्टरीणबाई, एक शंका उरली: सहा महिन्यांत त्याचं वजन घटलं तर काय करू? २६ च्या खाली गेलेलं मला बघवणार नाही.

प्रतिसाद: डॉक्टरीण (बालरोग)

घटायला नको, दर महिन्याला वजन-उंची लिहून ठेवा. घटलं तर आहारतज्ज्ञांना लगेच दाखवा, सहा महिने थांबू नका. तूप बंद केलं म्हणून तेल, दाणे, तीळ बंद करायचे नाहीत. मुलांना मेद लागतो, फक्त कुठला ते बदलायचं. शेंगदाण्याची चटणी भाकरीला भरपूर लावून द्या.